मोकळा सुटलेला कुत्रा आणि दुसऱ्याच्या वस्तूंचं नुकसान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावर ‘मोकळा’ म्हणजे दोरी काढून सोडलेला, दोरी हातातून निसटलेला किंवा उघड्या फाटकातून पळालेला कुत्रा, तिन्ही. ज्याची वस्तू खराब होते त्याला या तिघांत काहीच फरक दिसत नाही, आणि पैशांचा हिशोब करतानाही तो फारसा उरत नाही. माणसाला चावण्याचे प्रसंग इथे घेतलेले नाहीत, कारण त्यांचे कायदे आणि उपचार वेगळे आहेत.

माझ्या कुत्र्याने आत्ताच कुणाची तरी वस्तू तोंडात धरली आहे. काय करू?

मागे धावू नका. तुम्ही धावलात की कुत्र्याच्या दृष्टीने तो पकडापकडीचा खेळ होतो. वस्तूचं दुसरं टोक धरून ओढू नका, कारण त्याची पकड आणखी घट्ट होते आणि दाताने पडलेल्या भोकाची चीर होते. जॅकेटं, पिशव्या, अंथरुणं बहुतेक वेळा चावण्यापेक्षा या ओढाताणीतच फाटतात. त्याऐवजी मूठभर खाऊ त्याच्यापासून दोन-तीन पावलांवर जमिनीवर विखरा. तो तोंड उघडून तिकडे वळला की आधी दोरी लावा, मग वस्तू उचला.

त्यानंतर तुकडे जुळवून पाहा. जो तुकडा जमिनीवर नाही तो पोटात असू शकतो. वस्तूत बॅटरी होती का, हे मालकाला तिथेच विचारा. हा प्रश्न भरपाईच्या आधीचा आहे.

मग माफी, एकमेकांचे फोन नंबर आणि फोटो. जागेवर रोख पैसे देऊन प्रकरण मिटवायचा मोह होतो, पण नुकसानीचा खरा आकडा त्या क्षणी दोघांनाही ठाऊक नसतो.

‘माफ करा’ म्हटलं की जबाबदारी मान्य केली असं होतं का?

‘तुमचं नुकसान झालं, वाईट वाटतं’ ही माणुसकी झाली. ‘सगळा खर्च मी देतो’ हे वचन झालं. पहिलं वाक्य लगेच म्हणा. दुसरं वाक्य म्हणण्याआधी तुमच्याकडे विमा आहे का ते आठवा, कारण अनेक पॉलिसींमध्ये विमा कंपनीला न विचारता दायित्व स्वीकारायला किंवा पैसे द्यायला मनाई असते. विमा नसेल आणि चूक उघड असेल, तर शब्दांचा कीस काढण्यात अर्थ नाही. ‘दुरुस्तीचा अंदाज काढून कळवा, मी बघतो’ एवढं पुरतं.

कायद्याने जबाबदार नेमका कोण?

देशोदेशी उत्तर बदलतं, पण मुख्य वाटा दोनच. एका वाटेवर, चूक असो वा नसो, प्राणी ज्याचा, भरपाई त्याने द्यायची. जर्मन नागरी संहितेचं कलम ८३३ हौसेने पाळलेल्या प्राण्यांबाबत असंच सांगतं. राखणीच्या किंवा कळपाच्या कामाच्या प्राण्याच्या मालकाला मात्र पुरेशी काळजी घेतल्याचं सिद्ध करून सुटता येतं. फ्रान्सच्या नागरी संहितेतलं कलम १२४३ तर प्राणी ताब्यात होता की भरकटला होता की पळून गेला होता, याने फरक पडत नाही असं स्पष्टच म्हणतं.

दुसऱ्या वाटेवर मालकाचा निष्काळजीपणा किंवा त्याला असलेली पूर्वकल्पना दाखवावी लागते. इंग्लंडच्या १९७१ च्या प्राणी कायद्यात नेहमीच्या पाळीव प्राण्यांसाठी कुत्र्याची विशिष्ट खोड पाळणाऱ्याला माहीत होती का, हा कळीचा मुद्दा ठरतो. निष्काळजीपणाचा साधा दावा तिथेही वेगळा करता येतो.

इथे लोक हमखास एक घोटाळा करतात. चावण्याविषयीचा कायदा ते वस्तूंना लावू पाहतात. कॅलिफोर्नियाच्या नागरी संहितेचं कलम ३३४२ चाव्यापुरतं आहे, फाटलेल्या तंबूसाठी नाही. भारतात १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ प्राण्यापासून मानवी जिवाला धोक्याचा किंवा गंभीर दुखापतीचा संभव असतानाही खबरदारी न घेणाऱ्याला लागू होतं. चघळलेल्या बुटाची भरपाई त्यातून मिळत नाही, त्यासाठी निष्काळजीपणाचा दिवाणी मार्ग असतो. तक्रार लिहिताना चुकीचं कलम टाकलं की ती कागदाच्या पहिल्याच वाचनात अडते.

पण कुत्र्यांना मोकळं सोडायची परवानगी असलेलंच मैदान होतं ना?

ती परवानगी दोरी काढण्याची आहे, नुकसान करण्याची नाही. तुमच्यावर दोरी न लावल्याचा दंड होणार नाही, इतकाच तिचा अर्थ. कुत्रा हाकेला येत नाही हे ठाऊक असताना त्याला सोडलं असेल, तर परवानगीचा फलक तुमच्या बाजूने फार बोलत नाही. उलट, दोरी सक्तीची असलेल्या जागी सोडला असेल तर नियमभंग हाच निष्काळजीपणाचा चांगला पुरावा होतो.

समोरच्याने खाण्याचा डबा जमिनीवर उघडा ठेवला होता. दोष त्याचाही नाही का?

कधी कधी, अंशतः. कुत्र्यांसाठीच राखलेल्या कुंपणाच्या आत कोणी चटई पसरून जेवायला बसलं असेल, तर भरपाईत कपात मागणं रास्त आहे. सर्वांसाठी असलेल्या बागेत मात्र जमिनीवर पिशवी ठेवणं ही चूक नव्हे. तिथे आपली पिशवी उचलून धरायची जबाबदारी कुणावर नसते. हा मुद्दा मांडायचाच असेल तर भरपाई देण्याची तयारी दाखवल्यावर मांडा. आधी मांडलात तर पुढचं काही ऐकून घेतलं जात नाही.

कुत्रा माझा, पण त्या वेळी तो दुसऱ्याच्या हाती होता.

पैसे घेऊन कुत्री फिरवणारी व्यक्ती असेल तर तिच्याशी झालेला करार पाहा: दोरी काढायची लेखी परवानगी तुम्ही दिली होती का, आणि तिचा स्वतःचा दायित्व विमा आहे का? बऱ्याच ठिकाणी मालक आणि प्रत्यक्ष ताबा असलेली व्यक्ती दोघांकडेही भरपाई मागता येते. मग त्या दोघांनी आपसात काय ते निस्तरायचं. मित्राने किंवा पाहुण्याने हौसेने फिरायला नेलं असेल तर कुत्र्याची खोड त्याला सांगितली होती का, यावर बरंच ठरतं. मुलांच्या बाबतीत वर उल्लेखलेला इंग्लंडचा कायदा स्पष्ट आहे: कुत्रा १६ वर्षांखालच्या मुलाचा असेल तर कुटुंबप्रमुखही ‘पाळणारा’ मानला जातो. तसा कायदा नसला तरी, मोठा ताकदवान कुत्रा दहा वर्षांच्या मुलाच्या हाती दिला तर चूक देणाऱ्याचीच.

कुत्र्याने स्पर्शही केला नाही. तो अंगावर धावला, माणूस दचकला आणि फोन पडला. तरीही?

हो. कुत्रा धावला नसता तर फोन पडला नसता, एवढा संबंध सहसा पुरेसा असतो. मात्र तो दाखवावा लागतो. म्हणून अशा वेळी साक्षीदार सर्वांत मोलाचा, कारण फुटलेल्या काचेवर दाताचे व्रण नसतात.

भरपाई म्हणजे नव्या वस्तूची पूर्ण किंमत का?

सहसा नाही. दुरुस्त होत असेल तर दुरुस्तीचा खर्च, आणि होत नसेल तर त्या वयाच्या, त्या अवस्थेतल्या वस्तूची किंमत. म्हणजे घसारा वजा होतो. साधा हिशोब असा: वस्तू साधारण ५ वर्षं टिकते आणि ती ३ वर्षं वापरलेली आहे, तर उरलेलं आयुष्य २ वर्षं, म्हणून नव्या किमतीच्या ४० टक्के. दुरुस्ती या रकमेपेक्षा महाग पडत असेल तर ४० टक्क्यांवर थांबायचं.

या गणिताला अपवाद आहेत. चष्म्याच्या काचा आणि श्रवणयंत्र जुन्या बाजारात ‘त्याच वयाचे’ मिळत नाहीत. ज्याचं ऐकणं-पाहणं त्यावर अवलंबून आहे त्याला घसारा शिकवणं आमच्या मते अप्रस्तुत आहे. तिथे बदलीचा पूर्ण खर्च द्यावा. पासपोर्टसारखं कागदपत्र फाटलं तर त्याला बाजारभावच नसतो. नव्या पुस्तिकेचं शुल्क, फोटो आणि त्यासाठी कराव्या लागलेल्या फेऱ्यांचा खर्च धरायचा. भावनिक मोल मात्र पैशांत सहसा मिळत नाही, मग ती वस्तू कितीही जिवाभावाची असो.

कुठल्या वस्तूचं नेमकं काय बिघडतं? वरून तर ठीकच दिसते.

सर्वाधिक वाद इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर.

गाडीवरचा ओरखडा: नखांचे व्रण बहुधा वरच्या पारदर्शक थरात असतात. हा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा असतो. जागा पाण्याने धुऊन वाळवा आणि बोटाचं नख ओरखड्यावर आडवं फिरवा. नख अडकलं नाही तर पॉलिशने भागण्याची शक्यता मोठी. अडकलं तर ओरखडा खोल आहे आणि तो भाग पुन्हा रंगवायचं दरपत्रक मागवावं लागेल. पंजाचा चिखल कोरड्या रुमालाने पुसू नका. त्यातली वाळूच नवे ओरखडे पाडते, आणि मग कुत्र्याचे कुठले व तुमचे कुठले हे कुणालाच सांगता येत नाही.

सायकल: मोकळा कुत्रा सायकलीला आडवा आला तर चाक फिरवून चाकाची कड आणि ब्रेकचं रबर यांमधलं अंतर पाहा. ते कमी-जास्त होत असेल तर चाक वाकलं आहे. मागचा गिअर बदलणारा भाग फ्रेमला ज्या छोट्या पट्टीने जोडलेला असतो ती पट्टी आतल्या बाजूला वाकलेली चटकन दिसत नाही. अशा सायकलवर सर्वांत हलका गिअर टाकला की तो भाग आऱ्यांत जाऊन चाकासकट मोडतो. म्हणून तपासणीआधी चालवून पाहू नये. कार्बन फ्रेमला आतून तडा जाऊ शकतो, तीही जाणकाराकडून तपासूनच घ्यावी. डोकं आपटलं असेल तर हेल्मेट बदलायचंच, तडा दिसो वा न दिसो. आतला फोम एकदाच दबतो, दुसऱ्या धक्क्याला तो उरत नाही.

श्रवणयंत्र: कानातल्या मळाचा वास आणि यंत्राची बारीक शिट्टी यांमुळे कुत्रे त्याकडे ओढले जातात. सगळे तुकडे जपून ठेवा. काही कंपन्या हमीखाली बदली देताना मोडकं यंत्र परत मागतात. नव्या यंत्राची जुळणी कानाच्या तपासणीनुसार पुन्हा करावी लागते, तो खर्चही नुकसानीत येतो.

ड्रोन, फोन, बॅटरीचं काहीही: दात लागलेली लिथियम बॅटरी काही मिनिटांनी किंवा काही तासांनीसुद्धा पेट घेऊ शकते. ती खिशात किंवा गाडीत ठेवू नका, चार्जिंगला तर मुळीच लावू नका. उघड्यावर, वाळूवर किंवा फरशीवर, पेट घेणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवा.

कपडे: ओला चिखल चोळला की तो धाग्यांत शिरतो. पूर्ण वाळू द्या, ब्रशने झटका, मग थंड पाण्यात धुवा. लाळ आणि रक्तालाही थंडच पाणी, कारण गरम पाण्याने प्रथिनांचा डाग पक्का बसतो. धाग्याचा फास निघाला असेल तर कापू नका, सुईने आतल्या बाजूला ओढून घ्या.

लघवीचा डाग हेही नुकसान धरायचं का?

तंबू, गालिचा, गादी, झोपायची पिशवी यांवर असेल तर नक्कीच. पाण्याने धुतल्यावर वास गेल्यासारखा वाटतो आणि दमट दिवशी परत येतो, कारण लघवीतले युरिक आम्लाचे स्फटिक पाण्यात नीट विरघळत नाहीत. आधी कोऱ्या कपड्याने दाबून ओल शोषून घ्या, घासू नका. मग एन्झाइम असलेला क्लीनर वापरा आणि बाटलीवर दिलेला वेळ तो भाग ओला राहू द्या. लगेच पुसला तर त्याचा उपयोग होत नाही. अमोनियाचा क्लीनर टाळा, त्याचा वास लघवीशी मिळताजुळता असल्याने कुत्रा पुन्हा तिथेच येतो.

लोकर आणि रेशमावर मात्र एन्झाइम क्लीनर नको. हे धागे स्वतःच प्रथिनांचे असतात, आणि प्रथिने तोडणारं एन्झाइम त्यांनाही खातं. डाग काढायला जाऊन कुत्र्याच्या मालकाने गालिचाच खराब केला तर ती भरपाईही त्याच्याच माथी. अशा वेळी व्यावसायिक धुलाईचं बिल देणं परवडतं.

हिरवळीवर पिवळे ठिपके पडतात ते नायट्रोजन एकाच जागी जास्त झाल्याने. लगेच भरपूर पाणी ओतलं तर बहुधा वाचते.

माझी वस्तू खराब झाली आहे. पुरावा म्हणून काय लागेल?

वस्तू हलवण्याआधी तीन प्रकारचे फोटो घ्या: दुरून, ज्यात जागा ओळखू येईल. जवळून, शेजारी नाणं किंवा पट्टी ठेवून, म्हणजे व्रणाचा आकार कळेल. आणि कुत्र्याचा, शक्यतो मोकळा असतानाच. वस्तू फेकू नका, दुरुस्तही करू नका. दुरुस्तीनंतर उरतं ते फक्त बिल, आणि बिलावरून नुकसान कुत्र्याने केलं हे दिसत नाही. खरेदीची पावती नसेल तर बँकेची नोंद किंवा ती वस्तू वापरतानाचा जुना फोटो चालतो. दुरुस्तीची दोन दरपत्रकं घ्या.

परिसरात कॅमेरा असेल तर चित्रण जपून ठेवायची विनंती त्याच दिवशी लेखी द्या. बहुतेक यंत्रणा काही दिवसांनी जुन्या चित्रणावर नवं चढवतात, आणि ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

मालक म्हणतो, ‘आमचा कुत्रा असं करूच शकत नाही.’

वाद घालू नका, लिहा. तारीख, वेळ, जागा, काय झालं, कोणी पाहिलं, किती खर्च, आणि उत्तरासाठी १४ दिवसांची मुदत. पत्र एका पानात बसवा, फोटो जोडा, पोहोच घ्या. कुत्र्याच्या स्वभावावर आणि मालकाच्या संस्कारांवर एकही ओळ नको, त्या ओळीच पुढे तुमच्याविरुद्ध वाचून दाखवल्या जातात. मुदत टळली की मध्यस्थी किंवा लहान दाव्यांचं न्यायालय, जिथे जे असेल ते. दाव्याला कालमर्यादा असते, त्यामुळे वर्षभर चिडून बसण्यात तोटा तुमचाच.

कुत्र्याला मारणं किंवा ‘पैसे द्या मग सोडतो’ म्हणून अडकवून ठेवणं यांपैकी काहीही करू नका. नुकसान सोसलेला माणूस त्या क्षणी स्वतः गुन्ह्याच्या कक्षेत जाऊ शकतो.

दोन कुत्रे होते. कोणत्या कुत्र्याने फाडलं ते कळत नाही.

दोघे मिळून खेळत असतील तर खर्च अर्धा-अर्धा हा सर्वांत कमी कटकटीचा तोडगा. दातांच्या व्रणांवरून शोध घेण्याचा खर्च बहुधा वस्तूपेक्षा जास्त होतो.

विमा यात कुठे बसतो?

घराच्या किंवा वैयक्तिक दायित्वाच्या पॉलिसीत पाळीव प्राण्याने तिऱ्हाइताचं केलेलं नुकसान धरलेलं असू शकतं. प्राण्याच्या आरोग्य विम्यात ते असेलच असं नाही. नाव सारखं वाटतं म्हणून लोक गृहीत धरतात. जर्मनीत बर्लिन, हॅम्बर्ग, लोअर सॅक्सनी अशा काही राज्यांत कुत्र्यासाठी दायित्व विमा सक्तीचाच आहे. पॉलिसीत चार गोष्टी शोधा: मोकळ्या कुत्र्याने केलेलं नुकसान वगळलं आहे का, दुसऱ्या कोणी फिरवताना संरक्षण आहे का, पहिली किती रक्कम स्वतः भरायची, आणि किती दिवसांत कळवायचं. स्वतःच्या घरच्यांच्या वस्तू आणि तुमच्याच ताब्यात दिलेल्या वस्तू बहुधा वगळलेल्या असतात.

शेजाऱ्याची कोंबडी मारली, तर तेही ‘वस्तूंचं नुकसान’?

भरपाईच्या हिशोबात हो, पण अनेक कायदे पशुधनाला जास्त कडक संरक्षण देतात. इंग्लंडच्या त्याच कायद्याचं कलम ३ पशुधन मारणाऱ्या किंवा जखमी करणाऱ्या कुत्र्याच्या पाळणाऱ्याला खोडीची पूर्वकल्पना नसतानाही जबाबदार धरतं. भरपाईत मेलेल्या पक्ष्याबरोबर बुडालेली अंडी आणि पशुवैद्याचा खर्चही मागितला जातो.

त्यांची वस्तू खाऊन माझाच कुत्रा आजारी पडला. मी त्यांच्याकडे मागू शकतो का?

सहसा नाही. त्यांनी मुद्दाम विष ठेवलं नसेल तर तो खर्च तुमचा. पण आधी दवाखाना गाठा. बटणाच्या आकाराची बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर अर्ध्या तासाच्या आत आतून भाजल्यासारखी इजा सुरू होऊ शकते. घरी उलटी करवू नका. साखरविरहित च्युइंग गममधलं झायलिटॉल (साखरेऐवजी घातलेलं गोड द्रव्य) वजनाच्या किलोमागे ०.१ ग्रॅम पोटात गेलं तरी कुत्र्याची रक्तशर्करा धोकादायक खाली जाऊ शकते. वेष्टन सोबत न्या. गळ लावलेलं मासेमारीचं आमिष गिळलं असेल आणि तोंडातून दोर लोंबत असेल तर तो ओढू नका. कापूनही टाकू नका, डॉक्टरांना तो लागतो.

पुन्हा होऊ नये म्हणून दोरी कायमचीच लावायची का?

हाकेला येण्याची खात्री होईपर्यंत, हो. मधला मार्ग म्हणजे १० मीटरची लांब दोरी. ती गळ्यातल्या पट्ट्याला नाही, पाठीवर कडी असलेल्या हार्नेसला लावा. धावत्या कुत्र्याला दोरी संपल्यावर बसणारा झटका मानेवर येता कामा नये. दोरी हाताला गुंडाळू नका, बोटं मोडतात.

हाक एकदाच. आला की दर वेळी खाऊ, आणि दहापैकी नऊ वेळा पुन्हा खेळायला सोडा. फक्त घरी निघतानाच हाक मारली तर कुत्रा दोन दिवसांत शिकतो की हाक म्हणजे मजा संपली. उशिरा आला म्हणून रागावलात तर पुढच्या वेळी तो आणखी उशिरा येईल. आधी घर, मग अंगण, मग रिकामं मैदान, मग गजबज. एका ठिकाणी दहापैकी आठ वेळा पहिल्या हाकेला आला की पुढचं ठिकाण. साधारण ६ ते १८ महिन्यांच्या वयात शिकलेलं विसरल्यासारखं होतं. तेव्हा पुन्हा लांब दोरीवर या, वय सरतं.

आपोआप गुंडाळली जाणारी दोरी या कामाला वाईट. तिची मूठ हातातून सुटली की ती खडखडत कुत्र्याच्या मागे येते आणि घाबरून तो आणखी पळतो. नेहमीच्या दोरीचा हूक दर महिन्याला पाहा. स्प्रिंग सैल झाली किंवा कडीजवळ धातू झिजला की बदला. पट्टा आणि मान यांत दोन बोटं जावीत, चार नव्हे.

कुत्रा फाटकातून निसटतो.

मग तो मोकळा सोडल्यासारखाच आहे. एका कडीऐवजी दोन, वरची कुत्र्याच्या नाकाच्या उंचीवर नको. फाटक आपोआप मिटेल असं बसवा. कुंपणाखाली उकरत असेल तर जाळीचा खालचा ३० सेंटिमीटर भाग आतल्या बाजूला आडवा वळवून पुरा. गळ्यात फोन नंबरचा बिल्ला हवाच. कातडीखालच्या १५ अंकी चिपला वाचकयंत्र लागतं आणि चिप कुत्रा कुठे आहे हे सांगत नाही. त्यातला नंबर तुमच्या आजच्या फोनशी जोडलेला आहे का, हेही तपासा.

तोडगा निघाला. लेखी काय ठेवायचं?

दोघांची नावं, प्रसंगाची तारीख, वस्तूचं वर्णन, रक्कम, कशी दिली, आणि ‘या प्रसंगातल्या वस्तूंच्या नुकसानीबाबत ही पूर्ण व अंतिम भरपाई आहे’ हे वाक्य. दोघांच्या सह्या, प्रत्येकाकडे एक प्रत. ज्या वस्तूची तपासणी अजून बाकी आहे, उदाहरणार्थ ती कार्बन फ्रेम, तिचा अहवाल येईपर्यंत ‘अंतिम’ हा शब्द लिहू नका. पूर्ण बदलीचे पैसे दिले असतील तर मोडकी वस्तू कुणाकडे राहणार, हेही एका ओळीत लिहा.